पराभवाच्या मालिकेतील खेळाडू



२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा गोमंतकात, बार्देश तालुक्यातील हडफडे येथे भरली होती. हडफड्याहून उत्तरेला शापोरा नदी ओलांडली की पेडणे महाल लागतो आणि पूर्वेकडे वळले की डिचोली. जगातील २०६ निवडक खेळाडू अशा रीतीने या दोन तालुक्यांच्या उंबरठ्याशी मुक्कामाला आले होते. स्पर्धा बाद पद्धतीची होती. जो हरेल त्याने घरी जावे, असा तिचा साधा नियम. अखेरीस उझबेकिस्तानच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोव याने ‘विश्वनाथन आनंद चषक’ जिंकला. हा निकाल सर्वांनी वृत्तपत्रांत वाचला. मात्र त्या निकालाची दुसरी बाजू फारशी कोणी वाचली नसेल. ती अशी की, २०६ पैकी २०५ खेळाडू कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर पराभूत झाले. त्यांत त्या वेळचा विश्वविजेता डी. गुकेश हाही होता. जर्मनीच्या फ्रेडरिक स्वाने याच्याकडून तो तिसऱ्याच फेरीत हरला.

बुद्धिबळाविषयीचे बहुतेक लेखन विजेत्याच्या खांद्यावर बसून केलेले असते. आजचा विषय उरलेल्या २०५ जणांचा आहे; त्यातही विशेषतः त्या खेळाडूचा, जो एकदा हरून थांबत नाही, तर पुन्हा हरतो, तिसऱ्यांदा हरतो आणि चौथ्या डावाला बसताना ज्याचा हात प्याद्याकडे जाता जाता अडखळतो. अशा खेळाडूने काय करावे? प्रश्न खेळाचा दिसत असला तरी तो खेळापुरता राहत नाही, म्हणूनच तो ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मांडण्याजोगा आहे.

प्रथम या खेळातील पराभवाचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. क्रिकेटमध्ये झेल सुटतो, खेळपट्टी दगा देते, पंचाचा निर्णय विरुद्ध जातो. पत्त्यांच्या डावात हाती आलेली पानेच हलकी निघतात. चौसष्ट घरांच्या पटावर यांतले काहीच नसते. दोघांकडे सोळा-सोळा मोहरी, दोघांसमोर तोच पट, दोघांना तेवढाच वेळ. दोष टाकायला जागाच नाही. शिवाय बहुतेक वेळा खेळाडूला मात होण्याची वाट पाहावी लागत नाही. डाव गेला हे ओळखून त्याने स्वतःच हात पुढे करायचा असतो. आपल्या पराभवावर आपणच सही करण्याचा हा प्रकार आहे. म्हणून बुद्धिबळातली हार थेट बुद्धीवर आल्यासारखी वाटते. खेळाचे आपल्या भाषेतले नावच ‘बुद्धिबळ’ असल्यामुळे तर मराठी मुलाच्या मनात ‘डाव हरलो’ आणि ‘बुद्धी कमी पडली’ ही दोन वाक्ये सहजच एक होऊन जातात. ती एक नाहीत, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

पराभवाची मालिका लागली की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही मालिका खरोखर काही सांगते आहे काय? येथे थोडे गणित मदतीला येते. समान ताकदीचे दोन खेळाडू आहेत, बरोबरी होत नाही आणि प्रत्येक डावात हरण्याजिंकण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे, असे समजू. मग सलग पाच डाव हरण्याची शक्यता बत्तिसात एक एवढीच येते. परंतु हाच खेळाडू शंभर डाव खेळला, तर त्यांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांहून अधिक असते. म्हणजे ज्याला आपण ‘ग्रह फिरले’ म्हणतो, ते वर्षभर नियमाने खेळणाऱ्याच्या वाट्याला निव्वळ संख्येच्या न्यायानेही येऊ शकते. पाच पराभवांचे कारण शोधायला निघालेल्या माणसाने, कदाचित कारणच नसेल, ही शक्यताही आपल्या शिदोरीत ठेवावी.

गुणांकनाचेही असेच आहे. अर्पाड एलो या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकाने बसवलेली पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. समान गुणांकनाच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरल्यास नवोदिताचे किंवा अठरा वर्षांखालील, २३०० पेक्षा कमी गुणांकनाच्या मुलाचे वीस गुण जातात. सर्वसाधारण अनुभवी खेळाडूचे दहा आणि २४०० चा टप्पा गाठलेल्याचे पाच. तेव्हा सलग पाच पराभवांत मुलाचे शंभर गुण जातात, तर त्याच्या प्रशिक्षकाचे कदाचित पन्नास. घरातील वडीलधारी मंडळी हा शंभराचा आकडा पाहून हादरतात. तो आकडा मुलाची पडझड जितकी सांगतो, तितकाच मोजपट्टीचा स्वभावही सांगतो, हे त्यांना ठाऊक नसते. त्याच मोजपट्टीचा दुसरा गुण असा, की गुणांकन खाली आले की बलवान प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा प्रत्येक विजय अधिक मोबदला देऊ लागतो. जी पद्धत वेगाने खाली नेते, तीच तितक्या वेगाने वर आणण्याची सोय करून ठेवते.

पण गणित सांगून मन शांत झाले असते, तर कोणाचीच झोप उडाली नसती. पराभव संख्येच्या न्यायाने सुरू झाला असला, तरी पुढे तो खेळाडूच्या वर्तनात शिरतो, आणि मग मात्र मालिकेला खरे कारण मिळते. हे शिरणे दोन वाटांनी होते. एक वाट भीतीची. खेळाडू दबून खेळू लागतो, चांगली चाल दिसत असूनही तिच्यात काही खोट असेल म्हणून दुसरी शोधतो, घड्याळ संपवतो आणि घाईत चुकतो. दुसरी वाट सूडाची. हरलेले लगेच परत मिळवायचे, या ईर्ष्येने तो जुगाऱ्यासारखा पुढचा डाव मांडतो. घरबसल्या संगणकावर पाच-पाच मिनिटांचे डाव खेळण्याची सोय झाल्यापासून ही दुसरी वाट फार रुंद झाली आहे. रात्री एक डाव हरलेला मुलगा ‘आता शेवटचा’ म्हणत पहाटेपर्यंत दहा हरतो. त्या दहांपैकी नऊ डाव तो प्रतिस्पर्ध्याशी खेळलेलाच नसतो. तो पहिल्या पराभवाशी खेळत असतो.

हे केवळ नवशिक्यांचे होते, असे समजू नये. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दुबई येथे मॅग्नस कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांच्यात विश्वविजेतेपदाचा सामना झाला. पहिले पाच डाव बरोबरीत सुटले. सहावा डाव १३६ चालींचा, जवळजवळ आठ तासांचा झाला. विश्वविजेतेपदाच्या इतिहासातील तो सर्वांत लांब डाव. त्यात नेपोम्नियाची हरला. त्यानंतर त्याने आठवा, नववा आणि अकरावा डाव गमावला. नवव्या डावात तर त्याने आपला उंट शत्रूच्या प्रदेशात स्वतःच कोंडून घेतला. ती चूक शाळकरी स्पर्धेत शोभावी अशी होती. ज्ञान तेच, अभ्यास तोच. बदलला होता तो फक्त पटाकडे पाहणारा डोळा. आणि पुढच्याच वर्षी माद्रिदच्या आव्हानवीर स्पर्धेत हाच खेळाडू एकही डाव न गमावता चौदांपैकी साडेनऊ गुणांनी पहिला आला. दुबईत त्याची बुद्धी गेली नव्हती, याचा याहून वेगळा पुरावा नको.

मग मालिका तुटते कशी? सामान्य समज असा आहे की, एक विजय मिळाला की ती तुटते. म्हणून हरणारा खेळाडू जिवाच्या आकांताने त्या एका विजयाच्या मागे लागतो आणि आणखी खोल रुततो. बुद्धिबळाचा इतिहास निराळे सांगतो. पराभवाच्या मालिकेतून बाहेर पडण्याची वाट बहुधा बरोबरीच्या उंबऱ्यावरून जाते. आधी हरणे थांबवावे लागते. जिंकणे त्याच्या मागून येते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मॉस्कोचे आहे. १० सप्टेंबर १९८४ रोजी विश्वविजेता अनातोली कार्पोव आणि एकवीस वर्षांचा गॅरी कास्पारोव यांचा सामना सुरू झाला. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीची गणना नाही, असा नियम होता. पहिल्या नऊ डावांत कार्पोवने चार जिंकले, कास्पारोवने एकही नाही. आणखी दोन पराभव आणि सारे संपले, अशी अवस्था. आक्रमक खेळासाठी प्रसिद्ध असलेल्या या तरुणाने तेव्हा आपल्या स्वभावाला मुरड घातली. त्यापुढील सतरा डाव ओळीने बरोबरीत सुटले. सत्ताविसावा डाव कार्पोवने जिंकला. आता पाच विरुद्ध शून्य. पुन्हा चार बरोबऱ्या, आणि मग बत्तिसाव्या डावात कास्पारोवचा पहिला विजय. पुन्हा चौदा बरोबऱ्या, आणि मग सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा असे लागोपाठ दोन विजय. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी, पाच महिन्यांनंतर, फिडेच्या अध्यक्षांनी तो सामना निकालाविनाच थांबवला. अठ्ठेचाळीस डावांत चाळीस बरोबऱ्या! प्रेक्षकांना त्या कंटाळवाण्या वाटल्या असतील. त्या चाळीस डावांत एक हरणारा माणूस जगातील सर्वांत निष्णात शिक्षकाकडून रोज पाठ घेत होता. त्याच वर्षीच्या ९ नोव्हेंबरला, नव्याने खेळवलेल्या सामन्यात तेरा विरुद्ध अकरा गुणांनी कास्पारोव विश्वविजेता झाला.

खाजन शेती जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकाला हा क्रम वेगळा समजावून सांगायला नको. नदीकाठचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर कोणी शहाणा शेतकरी दुसऱ्या दिवशी भात पेरायला जात नाही. आधी बांध घालावा लागतो. मग मानशीतून पाणी काढावे लागते. मग पावसाने मातीतला खार धुऊन जाण्याची वाट पाहावी लागते. या काळात शेत रिकामे दिसते, पण ते निकामी नसते. बरोबरीचा डाव हा बुद्धिबळपटूचा बांध आहे.

गुकेशचे उदाहरणही हेच दाखवते. २०२४ साली सिंगापूर येथे चीनच्या डिंग लिरेनविरुद्ध विश्वविजेतेपदाचा पहिलाच डाव तो हरला. दुसरा त्याने बरोबरीत सोडवला आणि तिसरा जिंकला. पुढे आघाडीवर असताना बारावा डाव तो वाईट रीतीने हरला आणि सामना पुन्हा समान झाला. तेरावा बरोबरीत सुटला, चौदावा त्याने जिंकला आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, तो विश्वविजेता ठरला. हार, बरोबरी, जीत: एकाच सामन्यात हा क्रम दोनदा दिसतो. विश्वविजेता झाल्यावरही त्याला उतार चुकला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो लागोपाठ तीन डाव हरला. ती मालिका थांबली ती पुढील फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखशी झालेल्या बरोबरीने.

याला अपवाद नाहीत असे नाही. नाशिकचा विदित गुजराथी २०२३ सालच्या ग्रँड स्विस स्पर्धेत, आइल ऑफ मॅन या बेटावर, पहिल्याच फेरीत नेदरलँड्सच्या एर्विन लामीकडून हरला आणि उरलेल्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून स्पर्धाच जिंकला. आव्हानवीर स्पर्धेची दारे त्याला तिथून उघडली. परंतु नीट पाहिले, तर हा अपवाद नियमाला पूरकच ठरतो. विदितचा पराभव एकच राहिला, कारण त्याने त्याची मालिका होऊ दिली नाही. एका पराभवाचे औषध धैर्य हे असू शकते; मालिकेचे औषध संयम हेच आहे.

संयम म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. या काळात करण्याची कामे ठरलेली आहेत आणि ती सारी साधी आहेत. पहिले काम हरलेले डाव समोर घेऊन बसण्याचे. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक चाल कागदावर लिहून ठेवणे खेळाडूवर बंधनकारक असते, त्यामुळे पुरावा हाताशीच असतो. हल्ली डाव संपताच तो संगणकाला दाखवण्याची रीत पडली आहे. संगणक क्षणात चूक दाखवतो, पण ती का झाली हे सांगत नाही. ते फक्त खेळाडूला ठाऊक असते आणि दोन दिवसांनी त्यालाही आठवत नाही. म्हणून डाव आधी स्वतः मांडावा, प्रत्येक वळणावर त्या वेळी मनात काय होते ते वहीत लिहावे आणि मगच यंत्राकडे जावे. अशा दहा पराभवांची वही झाली की एक गोष्ट बहुधा उघड होते: दहा पराभवांना दहा कारणे नसतात, दोन किंवा तीनच असतात. कोणी घड्याळापायी हरतो, कोणी प्रारंभीच्या पाठांतराबाहेर पाऊल पडताच गोंधळतो, कोणी जिंकलेला डाव शेवटी हातचा घालवतो. ‘माझा खेळ बिघडला’ या वाक्याला इलाज नाही. ‘शेवटच्या पंधरा मिनिटांत माझा हत्ती भरकटतो’ या वाक्याला आहे.

दुसरे काम मुळाकडे परतण्याचे. क्यूबाचा होसे राउल कापाब्लांका हा त्याच्या काळी जवळजवळ अजिंक्य मानला जाई. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत त्याने चार बरोबऱ्यांनी सुरुवात केली आणि पाचवा डाव रिचर्ड रेटीकडून हरला. आठ वर्षांतला तो त्याचा पहिला पराभव होता. जगभर त्याची वार्ता झाली. तापातून उठलेल्या कापाब्लांकाने पुढे स्वतःला सावरले आणि लास्करच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळवला. या खेळाडूची शिकवण अशी होती की अभ्यास डावाच्या अंतापासून करावा. पटावर मोहरी थोडी असताना प्रत्येकाचे बळ स्वच्छ दिसते. पराभवाच्या काळात ही शिकवण दुहेरी उपयोगी पडते. राजा आणि प्यादे यांची साधी कोडी सोडवताना उत्तर निश्चित बरोबर येते, आणि आपल्याला काहीतरी निश्चित येते, हा विश्वास हरणाऱ्या मनाला औषधासारखा असतो.

तिसरे काम शरीराकडे लक्ष देण्याचे. झोप, जेवण, चालणे या गोष्टी बुद्धिबळाबाहेरच्या समजल्या जातात. पण पाच तासांच्या डावात चौथ्या तासाची चूक पुष्कळदा आदल्या रात्रीच्या जागरणाची असते. कधी कधी मालिकेचे मूळ याहून खोल असते. डिंग लिरेन २०२३ मध्ये विश्वविजेता झाला आणि त्यानंतर त्याचा खेळ घसरला. निद्रानाश आणि मनाचे आजारपण यांविषयी तो स्वतः जाहीरपणे बोलला. ही त्याची मोठी सेवा म्हणावी लागेल. ज्या पडझडीला वैद्याची गरज आहे, तिला ‘आणखी सराव कर’ हा सल्ला देणे म्हणजे लंगडणाऱ्याला धावायला लावणे होय.

चौथे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते पटापासून दूर करायचे आहे: आपण आणि आपला डाव यांत अंतर राखणे. १९७१ साली सोव्हिएत खेळाडू मार्क ताइमानोव हा बॉबी फिशरकडून सहा विरुद्ध शून्य असा हरला. त्या पातळीवर असा पराभव कोणी ऐकलाही नव्हता आणि मायदेशी त्याला त्याची शिक्षाही भोगावी लागली. पण ताइमानोव हा नावाजलेला पियानोवादकही होता. मनाला राहायला त्याच्याकडे दुसरे घर होते. तो पुढे अनेक वर्षे खेळला आणि नव्वद वर्षे जगला. पेडणे महालाला हे तत्त्व दशावतारातून ठाऊक आहे. दशावतारी खेळात राक्षसाचे सोंग घेणारा नट रोज रात्री देवाच्या हातून मरतो आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत त्याच थाटाने रंगमंचावर येतो. मरण सोंगाचे होते, नटाचे नव्हते, हे त्याला पक्के माहीत असते. डाव हरलेल्या मुलाला एवढे कळले तरी पुरे.

आणि मुलाला हे कळायचे असेल, तर ते आधी त्याच्या घराला कळायला हवे. गोमंतकाने या खेळात लहान वयाची गुणवत्ता विपुल दिली आहे. इवाना फुर्तादो २००६ आणि २००७ अशी दोन वर्षे आठ वर्षांखालील मुलींची विश्वविजेती होती. अनुराग म्हामल २०१७ मध्ये गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला. लिओन मेंडोन्साने महामारीच्या काळात युरोपात अडकून पडला असताना, त्याच मुक्कामात स्पर्धा खेळून २०२० च्या अखेरीस, पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच, ग्रँडमास्टरपदाचे निकष पूर्ण केले. या नावांकडे पाहून पेडणे-डिचोलीच्या गावांतूनही पालक मुलांना घेऊन स्पर्धांना जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ मुले बारा-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात, आणि सोडण्याआधी बहुधा एक पराभवाची मालिका असते. ती मालिका पटावर घडते. निर्णय मात्र परतीच्या प्रवासात होतो. त्या प्रवासात मुलाला पहिला प्रश्न ‘किती गुण गेले?’ असा विचारला जातो की ‘भूक लागली का?’ असा, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशीही करता येते. हरलेल्या मुलाशी त्या संध्याकाळी नेहमीसारखे वागणे, हा पालकाच्या हातातला सर्वांत प्रभावी डाव आहे.

भक्ती कुलकर्णी यांचा प्रवासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. गोव्याच्या या खेळाडूने २०१६ मध्ये आशियाई महिला विजेतेपद मिळवले. २०२२ मध्ये चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये त्या भारतीय महिला संघात होत्या. संघ शेवटच्या फेरीपूर्वी आघाडीवर होता आणि त्या शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून हरला. सुवर्ण निसटले, कांस्य मिळाले. त्या दिवशी दुःख झाले असणारच. पण ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाला मिळालेले ते पहिलेच पदक होते, आणि दोनच वर्षांनी बुडापेस्ट येथे भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. निसटलेल्या सोन्याकडे पाहायचे की हाती आलेल्या काशाकडे, यात खेळाडूचा पुढचा डाव दडलेला असतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक मालिका विजयात संपते असे नाही. डिंगला त्याचे पद परत मिळाले नाही. विश्वनाथन आनंद २०१३ मध्ये चेन्नईत, आपल्याच गावी, कार्लसनकडून एकही डाव न जिंकता हरला. दहा डावांत तीन पराभव आणि सात बरोबऱ्या. चार महिन्यांत तो खांती-मान्सिस्कच्या आव्हानवीर स्पर्धेत उतरला आणि एकही डाव न हरता पहिला आला. पुनरागमन म्हणावे ते यालाच. तरी त्याच वर्षीच्या फेरसामन्यात कार्लसनच पुन्हा जिंकला. सावरणे म्हणजे गेलेले सारे परत मिळणे नव्हे. सावरणे म्हणजे पुन्हा आपल्या खऱ्या ताकदीने खेळू लागणे. ‘मात’ हा शब्द मराठीने बुद्धिबळाच्या पटावरून उचलला आणि ‘संकटावर मात केली’ असा संसारात नेला. तिथे प्रतिस्पर्ध्याचा राजा पडल्याचे कोणी विचारत नाही. माणूस उभा राहिला एवढेच पाहिले जाते.

शेवटी या विषयाचे ग्रंथालयाशी असलेले नाते. १८५१ साली लंडनमध्ये अडॉल्फ अँडरसन आणि लिओनेल किझेरिट्स्की यांच्यात एक सहज म्हणून खेळलेला डाव झाला. अँडरसनने त्यात उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या तीन लहान मोहऱ्यांनी मात केली. हा डाव पुढे ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि आजही बुद्धिबळाच्या पुस्तकांत छापला जातो. तो स्पर्धेचा डाव नव्हता. विस्मृतीत सहज गेला असता. तो जगापुढे मांडणाऱ्यांत पहिला माणूस होता पराभूत किझेरिट्स्की. पॅरिसहून निघणाऱ्या आपल्या ‘ला रेजांस’ या मासिकात, त्याच वर्षी, त्याने स्वतःचा पराभव चालीनिशी छापला. डाव सुंदर आहे, मग तो हरलेला असला तरी लोकांनी वाचावा, एवढाच त्याचा हिशेब असावा.

ग्रंथालय हे काम शतकभर करत असते. त्याच्या कपाटांत जिंकलेल्यांइतकीच हरलेल्यांचीही चरित्रे असतात, फसलेले प्रयोग असतात, मोडलेली राज्ये असतात, आणि वाचक त्यांतून आपला पुढचा डाव शिकतो. पराभवाच्या मालिकेत सापडलेल्या मुलाला वही उघडून आपला हरलेला डाव स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला शिकवावे. जो पराभव नीट लिहिला गेला, तो पराभव विद्येच्या खात्यात जमा होतो. पेडणे-डिचोलीच्या एखाद्या वाचनालयातील टेबलावर, पट बाजूला सरकवून, अशी वही भरणारा मुलगा दिसला, तर त्याची मालिका तुटायला सुरुवात झाली आहे असे खुशाल समजावे.